एकतीस ताटल्या

एकतीस फोटो पाहून होईपर्यंत सेनाइदाला काही झालं नाही. बत्तिसावा उघडला आणि घशाशी आलं. सकाळचे अकरा वाजले होते, वाहाका शहरातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात कॉफीचा वास भरला होता, शेजारच्या टेबलावर उलिसेस गोड पाव कॉफीत बुडवून खात होता, आणि तिनं तोंडावर हात दाबून धरला. चार वर्षं ती हेच काम करत होती. डोंगरातल्या शाळांच्या स्वयंपाकघरांतून फोटो यायचे, एकेका मुलाचा, हातात शाळांना धान्य पुरवणाऱ्या या संस्थेनं दिलेली तीन खणांची निळी ताटली. ताटली भरलेली, मूल स्वच्छ, चेहरा हसरा, अशा तीन खुणा करायच्या आणि पुढं जायचं. सांता रोसालिया गावच्या फोटोंतही एकतीस मुलं होती, एकतीस चेहरे होते, आणि ताटली मात्र एकच होती. पहिल्या फोटोत तिच्यातली लापशी गुळगुळीत होती. नवव्यात तिच्यावर साय धरली होती. विसाव्यापर्यंत त्या सायीला सुरकुत्या पडल्या. सव्विसाव्यात एक माशी कडेच्या खणात बसली होती, सत्ताविसाव्यात ती तिथंच होती, अठ्ठाविसाव्यात तिचे पाय वर झाले होते आणि ताटली धरणारं पोर तरीही सांगितल्यासारखं हसत होतं. हे पाहून तिला ओशाळल्यासारखं वाटलं, पण ओकारी आली नाही. बत्तिसावा फोटो चुकून आला असणार. जमिनीवर एक लाकडी काठवट, तिच्यात मिरचीनं लाल झालेला भाकरीचा काला, वर काळा घेवडा, आणि चारी बाजूंनी आत शिरलेले हात. लहान हात, नखांत माती, तेलानं चकाकणारी बोटं. आणि त्यांच्यामधे एक मोठा हात, चुन्यानं भेगाळलेला, अंगठ्याचं नख अर्धं गेलेलं. तो हात तिच्या आईचा होता.

"काय झालं गं?" उलिसेस वाकून पाहत म्हणाला. "अरे देवा! सगळ्यांचे हात एकात? मला तर इथूनच जुलाब लागतील."

सेनाइदा हसली. हसल्यावर तिला स्वतःच्याच तोंडात काहीतरी कुजल्यासारखी चव आली. ऑफिसातल्या कागदांवर तिच्या गावाच्या जागी शहराचं नाव होतं. काटा कुठल्या हातात धरायचा, सूप ओठांनी कसं घ्यायचं, हे ती या लोकांपेक्षा जास्त नीट करायची. इतकं नीट, की बेरेनिस मॅडम एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, शिकावं तर हिच्याकडून. त्याच मॅडम आता तिच्या खुर्चीमागे उभ्या होत्या.

"एकच ताटली फिरवली आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे मुलांना काही मिळतच नाही. आणि हे शेवटचं काय आहे? गुरांना आंबोण घालतात तसं?"

"त्यांची जेवायची रीत असेल, मॅडम."

"रीत! अगं, तू शहरातली, तुला काय माहीत. तू स्वतः जा. सोमवारी ट्रक निघेल. त्यात या गावचा घेवडा, तेल, अंडी चढवायची की नाही, ते तुझ्या खुणेवर. हिरवी नाही तर लाल. मला एकतीस मुलं, एकतीस भरलेल्या ताटल्या दिसल्या पाहिजेत. नाहीतर यादीत दुसरी गावं रांग लावून बसली आहेत."

ट्रक थांबला की काय होतं ते सेनाइदाला कुणी सांगायला नको होतं. मागच्या पावसाळ्यात दरड कोसळली आणि सहा आठवडे रस्ता बंद होता. त्या दिवसांत शाळेत पोरांना मिठाची भाकरी मिळाली, पुढं पुढं अर्धीच, आणि एका सोमवारी झेंड्यासमोर उभी असताना चौथीतली एक पोर काठी पडावी तशी पडली. आईनं ते फोनवर सांगितलं होतं, पाऊस पडला, कोंबडी अंड्यावर बसली, त्याच आवाजात. आता या वर्षी स्वयंपाकघराची सेवा गावसभेनं आईवर सोपवली होती. वर्षभर, बिनपगारी, नाही म्हणायची सोय नाही. त्या काठवटीमागे आई होती, आणि तिच्यावर हिरवी की लाल खूण करायची ती तिच्या लेकीनं.

पहाटे निघालेली गाडी वळणं घेत वर चढत होती, आणि सेनाइदाच्या मांडीवरच्या पिशवीत ऑफिसचा कॅमेरा होता, जंतुनाशकाची बाटली होती, दोन केळी होती. ती बाटली तिनं का घेतली ते तिला सांगता आलं नसतं. पाइनची झाडं आली, धुकं आलं, धुकं गेलं, पुन्हा आलं. खिडकीच्या काचेला कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा डाग होता आणि प्रत्येक वळणावर तिचं डोकं त्या डागाजवळ जात होतं आणि ती मान आखडून घेत होती. कधीपासून हे असं? नऊ वर्षांची असताना तिला खालच्या वसतिशाळेत घातलं, तिथं पहिल्याच दिवशी तिनं शेजारच्या मुलीच्या ताटात हात घातला होता. भूक म्हणून नव्हे, ओळख करून घ्यायची म्हणून. बाईंनी तिला उठवून मोरीशी नेलं, क्लोरिनच्या पाण्यात तिचे हात बुडवले, कोपरापर्यंत, आणि वर्गाला विचारलं, असं कोण जेवतं? वर्गानं एका सुरात उत्तर दिलं, डुकरं. उत्तर देणाऱ्यांत सगळी तिच्यासारख्याच गावांतून आलेली पोरं होती. रात्री पांघरुणात हातांचा वास घेतला तर तो तिचा नव्हता, फरशीचा होता. मग हळूहळू तो वास तिला आवडायला लागला. स्वच्छ म्हणजे तसा वास, असं तिच्या नाकानं स्वतःशी ठरवून टाकलं, आणि नाकानं एकदा ठरवलं की माणसाचं काय चालतं?

आई शहरात एकदाच आली होती, तीन वर्षांपूर्वी. सात तास गाडीत बसून, मांडीवर फडक्यात बांधलेला काला घेऊन. काला गरम असतानाच खायचा असतो. गार झाला की तो दगड होतो. सात तासांचा दगड आईनं लेकीच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, थोडं पाणी शिंपड, तव्यावर फिरव, मऊ होईल. सेनाइदानं दोन ताटं मांडली होती, दोन काटे, आणि भाजलेला मासा. आईनं काटा कुदळीसारखा मुठीत धरला. मासा ताटभर पळत राहिला. आईनं सगळा मासा संपवला, काटेसुद्धा ओठांच्या कोपऱ्यातून एकेक काढून ताटाच्या कडेला ओळीनं लावले, अंगण सारवल्यासारखे नीट. काला सेनाइदानं रात्री कचऱ्यात टाकला. फडकं सोडल्यावर त्याच्यावर चार बोटांचे ठसे दिसले होते, गोळा दाबून बसवताना उमटलेले, आणि ते ठसे पाहून तिचं अंग शहारलं होतं, जणू कुणी मेलेल्याचा हात फडक्यात बांधून दिला होता. सकाळी आई संत्र्याची साल टाकायला गेली. झाकण उघडून काही वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं साल आत टाकली, पिशवीचं तोंड बांधलं, आणि विचारलं, "ही खाली कुठं नेऊन ठेवायची?" एवढंच. त्यानंतर ती शहरात आली नाही.

शाळेमागच्या स्वयंपाकघराच्या पत्र्यातून धूर निघत होता. दारात ओतिलिया उभी होती, आईच्या हाताखाली सेवेला लावलेली, जिभेनं तिखट म्हणून गावभर माहीत असलेली.

"आली गं आली, ताटलीवाली आली!" ती आपल्या बोलीत आत ओरडली. "क्रिस्पिना मावशी, तुझी लेक. बूट बघ, आरशासारखे. कोंबड्यांनो, बाजूला व्हा, साहेबीण घसरेल."

आई चुलीशी होती. तिनं वळून पाहिलं, डोक्यापासून पायांपर्यंत. "वाळलीस," म्हणाली, आणि पुन्हा तव्यावरची भाकरी उलटली.

सेनाइदानं फोटोंचं विचारलं. एकच ताटली का? लापशीवर साय का? माशी का?

"माशीला आम्ही बोलावलं नव्हतं," ओतिलिया म्हणाली. "तुम्ही लोकांनी लिहून पाठवलंत, पोराच्या हातात ताटली दिसू दे. प्रत्येक पोराच्या हातात दिली. एकाला नाही दिली असं दाखव."

"पण लापशी तीच, ओतिलिया."

"मग? ती काय खायची होती? तुमच्या त्या पिठाला बाईच्या केसांना लावायच्या साबणाचा वास येतो. पोरांनी पहिल्या दिवशी चाखली आणि सगळी गटारात थुंकली. डुकरं खातात. तीही आधी मागं सरतात, मग डोळे मिटून खातात. पोरं इकडं आपलं जेवतात, फोटोला तुमचं पीठ काढतो. तुमचीपण सोय, आमचीपण."

"आणि बाकीच्या ताटल्या? तीस?"

"आहेत की," आई म्हणाली. "पंचायतीच्या खोलीत, कुलपात."

"कुलपात कशाला?"

आईनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू लेक विचारत होती की पाण्यात हात घातला तर ओला का होतो. "गावाला आलेली वस्तू आहे. गावसभेनं हातात घेतल्याशिवाय वापरायची कशी? सभा जानेवारीत. एक ताटली नमुना म्हणून बाहेर ठेवली, सगळ्यांनी बघावी म्हणून."

सेनाइदाला हसू आलं नाही, राग आला नाही. एवढंच होतं तर. इतकी सरळ, इतकी अडाणी आणि इतकी नीटनेटकी चूक. आणि हे मॅडमना ती कुठल्या शब्दांत सांगणार? सांगितलं तरी त्यांना काठवटच दिसणार, हातच दिसणार. तिला स्वतःला तरी दुसरं काय दिसलं होतं?

"आई, त्या ताटल्या आज काढाव्या लागतील. प्रत्येक पोराला वेगळी, भरलेली. तसे फोटो गेले नाहीत तर सोमवारी घेवडा येणार नाही. तेल नाही, अंडी नाहीत. काही नाही."

चुलीतली लाकडं तडकली.

"किती वेळ लागेल?" आईनं विचारलं.

"थोडाच."

आई उठली, हात पदराला पुसून पंचायतीकडे गेली. ज्या माणसाकडे किल्ली असते त्याच्यापुढं तिनं काय शब्द टाकला कोण जाणे. जानेवारीच्या आधी कुलूप उघडायचं म्हणजे पुढच्या सभेत तिलाच उभं राहून उत्तर द्यावं लागणार होतं. अर्ध्या तासानं ती परत आली ती डोक्यावर निळ्या ताटल्यांची उतरंड घेऊन. त्यांच्यावर उंदरांच्या लेंड्या होत्या. बायकांनी त्या राखेनं घासल्या, धुतल्या, उन्हाला उभ्या केल्या. तोवर काला तयार झाला होता. तव्यावरून उतरलेल्या जाड भाकऱ्या, लाल चटणी, लाकडी मुसळीचे ठोके, धप धप धप, तीन बायकांचे हात वाफेत आत-बाहेर होत होते आणि कुणी तरी नाकातल्या नाकात गुणगुणत होतं, मका माझा दुधाचा, मका माझा दाताचा, मका माझ्या बाळाच्या हाताचा. मधली सुट्टी झाली. एकतीस पोरं हात धुऊन आली आणि सवयीनं काठवटीभोवती बसली.

"तिथं नाही," सेनाइदा म्हणाली. "भिंतीशी. ओळीनं."

पोरं उठली. तिनं ताटल्या वाढायला लावल्या, डावीकडे काला, उजवीकडे घेवडा, तिसऱ्या खणात उकडलेल्या अंड्याची फोड. पहिल्या पोराची ताटली तिरकी होती. दुसऱ्याच्या शर्टाला बटण नव्हतं. तिसरीचं नाक वाहत होतं, ते पुसायला सेनाइदा वाकली आणि रुमाल धरलेला हात मधेच थांबला. तिनं रुमाल पोरीच्याच हातात दिला. ढग आला, उजेड गेला, थांबावं लागलं. ढग गेला. पाचव्या फोटोनंतर कॅमेऱ्यानं बॅटरी मागितली. मग ती पहिल्यापासून पुन्हा फोनवर काढू लागली. तेरावं पोर ताटलीतलं काहीतरी तोंडात घालत होतं.

"ए! खायचं नाही अजून. आधी हसायचं. हसा. असं जेवतात का?"

आवाज भिंतीवर आपटून परत आला तेव्हा तिनं तो ओळखला. खालच्या शाळेतल्या बाईंचा होता. तोच उतार, तीच शेवटी वर गेलेली धार. पोरं हसली. सगळी एकदम, दात दाखवून, माशीवाल्या पोरासारखी. तिला वाटलं आता इथंच, या निळ्या ताटल्यांच्या ओळीपुढं, आपल्याला ओकारी होईल, आणि त्या हातांमुळे नव्हे, त्या काल्यामुळे नव्हे. या हसण्यामुळे, जे आपण त्यांच्याकडून काढून घेतोय. तिचा फोन खाली आला.

"थांबलीस का?" आई मागून म्हणाली. "काढ. घेवडा यायला पाहिजे."

"आई, मला नाही—"

"तुला काय होतंय ते मग बघू. एकोणीस राहिलीत. काढ."

तिनं काढले. एकोणिसांच्या एकोणीस. मग टेकडीवरच्या क्रुसापाशी, जिथं फोनला रेघा येतात तिथं धावत जाऊन पाठवले, खाली हिरवी खूण केली. फोटो जाताना फोनवर छोटं चक्र फिरत राहिलं, एकेका चेहऱ्याला गिळल्यासारखं. सोमवारी ट्रक येईल. कुणाचं काही बिघडलं नाही. हे वाक्य तिनं उतरताना दोनदा मनात म्हटलं, आणि दोन्ही वेळा ते तोंडात चिकट झालं.

खाली पोरं तशीच भिंतीशी बसली होती. ताटल्या मांडीवर, काला जसाच्या तसा. एकजण त्यावर बोटाच्या पेरानं ठोकून दाखवत होता, टक टक, आणि बाकीचे हसत होते, या वेळी खरं. काला दगड झाला होता. वर तेल गोठून पांढरं पडलं होतं, अंड्याच्या कडा हिरव्या झाल्या होत्या. एका ताटलीत कोंबडी उभी होती.

"पोट भरलं का गं तुझ्या साहेबांचं?" ओतिलिया म्हणाली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. ती एकेक ताटली उचलत होती आणि डुकरांच्या बादलीत उलटी करत होती. अंडी आणि घेवडा आधीच बाजूला काढून पोरांच्या हातावर ठेवला होता. काला मात्र डब डब पडत होता. सेनाइदा पाहत राहिली. एकतीस पोरं जेवल्याचा पुरावा शहरात पोचला होता आणि एकतीस पोरं अर्धपोटी बसली होती. बादलीतून आंबूस वास आला. तिनं पिशवीतली बाटली चाचपली, आणि हात तिथंच राहू दिला, कारण धुण्यासारखं जे होतं ते हातांवर नव्हतं.

आई पाट्यापाशी गुडघे टेकून बसली होती. सकाळी चुन्यात शिजवलेला मका थोडा उरला होता, उद्याचा, तो ती वाटत होती. तिची पाठ पुढं जात होती, मागं येत होती. घंटा व्हायला फार वेळ नव्हता. ओतिलिया भाकऱ्या थापत होती, तिसरी बाई पाणी आणायला गेली होती, आणि पहिल्या चार भाकऱ्या फुगून तव्यावरून उतरल्या होत्या. काला कुटायचा तर भाकरी उतरल्या उतरल्या. एका माणसाचं ते काम नव्हे. आईनं भाकऱ्या काठवटीत टाकल्या, इकडंतिकडं पाहिलं. मग लेकीकडं.

"मी करू?" सेनाइदा म्हणाली.

"तुला किळस येते."

बोलणं सरळ होतं, त्यात टोचणी नव्हती. तीन वर्षं आईच्या पोटात राहून राहून ते वाक्य नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत झालं होतं.

"येते," सेनाइदा म्हणाली. तिनं हे कुणालाच, स्वतःलाही, असं म्हणून दाखवलं नव्हतं.

आई काठवटीवर वाकली. "मला डुकरांची येते," ती म्हणाली. "रोज त्यांना खायला घालतेच की. जा, हात धू. साध्या पाण्यानं धू."

पाणी ढगातून आल्यासारखं गार होतं. सेनाइदा काठवटीशी गुडघ्यांवर बसली तेव्हा तिचे बूट चिखलात बुडले. भाकरीला हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. आईचा हात मात्र त्याच वाफेत चालत होता, भेगाळलेला, शांत. तिनं पुन्हा घातला. फाड, दाब, चटणी ओत, दाब. पिठूळ गरम लगदा बोटांच्या बेचक्यांतून वर आला आणि त्याच्याबरोबर तिच्या घशात ते जुनं आंबट चढू लागलं, कोपरांपर्यंत शहारा गेला. तिनं तोंडानं श्वास घेतला. आईची बोटं तिच्या बोटांना लागत होती, सरकत होती, पुन्हा लागत होती. दोघींच्या हातांत आता फरक फक्त नखांचा होता. आईनं मधे खळगा केला, चटणी भरली, घेवडा पसरला, आणि हाक मारली. पोरं धावत आली. एकतीस हातांची एकच घाई होती, पण कुणाचा हात कुणाला आपटत नव्हता, आणि हे कसं होतं ते सेनाइदाला आता आठवत नव्हतं. आई जरा सरकली. बाई बसेल इतकी जागा झाली.

सेनाइदानं हात पुढं केला, दिसला तो तुकडा तोडला आणि तोंडात घातला. खारट, तिखट, चुन्याचा मागचा कडवटपणा. डोळ्यांत पाणी आलं. घास वर येऊ लागला. तिनं ओठ मिटून धरले, वाट पाहिली, गिळला. तो अर्ध्यावर अडला, मग उतरला. तिनं दुसऱ्यासाठी हात घातला.

"बाई," शेजारची पोरगी म्हणाली. नाक वाहणारी तीच होती, आणि आता रुमाल तिच्या कमरेला खोचलेला होता. तिनं सेनाइदाचं मनगट दोन बोटांनी धरलं आणि काठवटीतून अलगद बाजूला सारलं. "माझ्या बाजूचं खाताय तुम्ही. आपल्या समोरचं खायचं असतं. तुमच्या घरी नाही का शिकवलं कुणी?"

ओतिलिया फसकन हसली. आईनं मान वर केली नाही.

"शिकवलं होतं," ती म्हणाली.

सेनाइदानं हात मागं घेतला, आणि आपल्या समोर घातला.